चैत्रांगणाचा ठसा: महिनाभराचे काम, साहित्य आणि बडोद्यातील काही ठिकाणे

चैत्र हा माझ्या कामाच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत भरगच्च महिना असतो. चैत्रगौरीच्या निमित्ताने बडोद्यातील मराठी घरांतून हळदीकुंकवाची बोलावणी येऊ लागतात, दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील जुन्या घरांच्या जिन्यांवर आंबेडाळीचा आणि पन्ह्याचा वास दरवळतो, आणि दारापुढे जेवढी म्हणून जागा उरली असेल तेवढ्या जागेत चैत्रांगण रेखले जाते. यंदा या चैत्रांगणाचेच लिनोकट पद्धतीने, म्हणजे लिनोलियमच्या पत्र्यावर चित्र कोरून, छापचित्र करायचे मी ठरवले होते. त्या कामासाठी महिनाभर जे साहित्य हाताळले, जी ठिकाणे पाहिली आणि ज्या वस्तू विशेष आवडल्या, त्यांच्याविषयीचे माझे मत येथे सविस्तर मांडत आहे. मत देताना माझी कसोटी एकच राहिली: गडद भूमीवर उमटणारी पांढरी रेघ अधिक जिवंत व्हावी, यासाठी त्या वस्तूचा किंवा जागेचा कितपत उपयोग झाला.

ज्यांनी चैत्रांगण जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करणे आवश्यक आहे. शेणाने सारवलेल्या अंगणावर शिरगोळ्याच्या पांढऱ्या पुडीने ते काढतात. वर आंब्याच्या पानांचे तोरण आणि गुढी, मधोमध मखरात झोपाळ्यावर बसलेली गौर आणि तिची सखी, दोन्ही अंगांना सूर्य आणि चंद्र, आणि भोवती तुळशीवृंदावन, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मे, स्वस्तिक, कासव, नाग, हत्ती, लक्ष्मीची पावले, फणी, आरसा, हळदीकुंकवाचे करंडे अशी चिन्हे असतात. ५१ चिन्हे असा उल्लेख नेहमी होतो. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक घराची यादी निराळी असते, कारण काढणाऱ्या बाईच्या माहेरची काही चिन्हे तिच्याबरोबर सासरी येतात आणि तिथल्या चिन्हांच्या शेजारी बसतात. बडोद्यात आता सारवलेले अंगण क्वचितच दिसते. बहुतेक घरी गेरूने रंगवलेली फरशी किंवा लाकडी पाट यांवरच चैत्रांगण काढले जाते. माझी आत्या अजूनही ते गेरू लावलेल्या पाटावर एकटाकी काढते. तिच्या शेजारी बसून कच्ची रेखाटने करीत असताना ती मला म्हणाली, "अगं, चिमूट इतकी दाबू नकोस. हात चालता ठेव, म्हणजे रेघ आपणच पडते." पुढे लिनो कोरताना या सूचनेचा मला जितका उपयोग झाला, तितका कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेचा झाला नाही.

लिनोकटमध्ये जो भाग कोरून काढला जातो तो कागदावर पांढरा राहतो आणि जो तसाच ठेवला जातो तो शाई घेतो. म्हणजे कोरणीची प्रत्येक ओढ ही पांढरी रेघ असते, आणि म्हणूनच रांगोळीच्या विषयाला हे माध्यम फार जवळचे आहे. या गुणाचा भारतीय कलेतील सर्वांत प्रसिद्ध आविष्कार म्हणजे नंदलाल बोस यांनी १९३० मध्ये दांडीयात्रेच्या प्रसंगी केलेले महात्मा गांधींचे लिनोकट. काठी टेकत निघालेली ती आकृती मोजक्या पांढऱ्या रेघांनी काळ्यातून बाहेर काढलेली आहे. धोतराच्या चुण्या, काठी, पावले यांना जेवढ्या रेघा हव्यात तेवढ्याच आहेत, आणि उरलेला सारा काळा भाग चित्रकाराने हातही न लावता ठेवला आहे. त्याच नंदलालांचे मोठे भित्तिचित्रकाम आपल्या बडोद्यात आहे, ही गोष्ट मला या शहरात राहण्याचे एक मोठे भाग्य वाटते.

ते काम कीर्तिमंदिरात आहे. गायकवाड घराण्याचे हे स्मारक सयाजीराव महाराजांनी उभारले आणि ते १९३६ मध्ये पूर्ण झाले. महाराज १९३९ च्या फेब्रुवारीत निवर्तले. भिंतींवरील चित्रांचे काम त्याच वर्षी सुरू होऊन टप्प्याटप्प्याने १९४६ पर्यंत चालले. गंगावतरण, मीराबाईचे जीवन, नटीर पूजा (रवींद्रनाथ टागोरांचे नाटक) आणि महाभारतातील युद्ध असे चार विषय मुख्य दालनाच्या चार भिंतींवर आहेत. या महिन्यात पाहिलेल्या सर्व गोष्टींत मी कीर्तिमंदिराला निःसंशय पहिले स्थान देते. येथे रंग सपाट आहेत, छायाप्रकाशाचा आधार जवळजवळ घेतलेला नाही, आणि आकृतीला वजन, वेग, वळण जे काही मिळते ते रेषेतून मिळते. युद्धाच्या भिंतीवर एवढी गर्दी असूनही आकृत्या एकमेकींत मिसळत नाहीत याचे कारण शोधत मी बराच वेळ उभी राहिले. एका आकृतीची कडा जिथे दुसरीला भिडते तिथे रेषेची जाडी बदलते. पुढच्या आकृतीची रेषा जड होते आणि मागची हलकी होत जाते. माझ्या चैत्रांगणात हत्ती आणि तुळशीवृंदावन यांची नेमकी हीच अडचण झाली होती. दोन्हींच्या रेघा सारख्याच जाडीच्या असल्यामुळे पुढे काय आणि मागे काय हे कळत नव्हते. ती अडचण कीर्तिमंदिरातून परतल्यावर सुटली.

जाणाऱ्यांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. चित्रे डोळ्यांच्या पातळीपेक्षा बरीच वर आहेत, त्यामुळे छोटी दुर्बीण बरोबर न्यावी. ती नसेल तर चित्रांची मांडणी समजेल, परंतु रेषेचे काम दिसणार नाही. दुसरी सूचना अशी की चारही भिंती एकाच फेरीत पाहून संपवू नयेत. एक भिंत निवडावी, तिच्यापुढे थांबावे आणि रेखाटनवही उघडावी. ज्या बडोदेकरांना कीर्तिमंदिर केवळ विश्वामित्रीच्या पुलाजवळची भव्य इमारत म्हणून ठाऊक आहे, त्यांनी एकदा आतील चित्रांसाठी म्हणून तिथे जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नंदलालांचा वारसा या शहरात दुसऱ्या वाटेनेही आला. शांतिनिकेतनात त्यांच्या हाताखाली शिकलेले के. जी. सुब्रमण्यन १९५१ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत शिकवू लागले. ही विद्याशाखा १९५० ची. चित्रकला विभागाची घडी बसवणारे नारायण श्रीधर बेंद्रे मूळचे इंदूरचे मराठी चित्रकार होते. बेंद्र्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पिढीतील ज्योती भट्ट हे स्वतः अव्वल दर्जाचे छापचित्रकार, परंतु त्यांनी वर्षानुवर्षे गावोगाव हिंडून भिंतींवरच्या आणि अंगणातल्या चित्रांची छायाचित्रेही घेतली, आणि माझ्या या महिन्याच्या कामाला त्यांचा थेट उपयोग झाला.

ही छायाचित्रे पाहण्यासाठी आता कोणाच्या ओळखीची गरज नाही. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्ह या संस्थेने बडोद्याच्या चार कलावंत-अभ्यासकांचे संग्रह, म्हणजे ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, के. जी. सुब्रमण्यन आणि रतन परिमू यांची कागदपत्रे आणि छायाचित्रे, आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य खुली केली आहेत. सेवा म्हणून मी तिला अत्यंत वरचा दर्जा देईन. ज्योती भट्टांच्या छायाचित्रांत केवळ आकृतिबंध नसतो. चित्र काढणारी स्त्री, तिचा उंबरा, भिंतीला टेकवलेली घरातली भांडी हे सारे चौकटीत असते, त्यामुळे त्या चित्राचा आकार किती, ते कुठून सुरू झाले, बाई कुठे बसली होती हे समजते. नुसत्या आकृत्या देणाऱ्या रांगोळीच्या पुस्तकांत नेमके हेच हरवते. माझ्या छापचित्रात चैत्रांगणाच्या खालच्या कडेला मी आत्याच्या हाताची चार बोटे आणि रांगोळीची वाटी ठेवली आहे, ती या छायाचित्रांमुळेच सुचली. संकेतस्थळावर शोध इंग्रजीतून घ्यावा लागतो आणि संग्रह प्रचंड असल्यामुळे सुरुवातीला वाट सापडत नाही. कलावंताच्या नावावरून आत शिरून मग विषयानुसार पुढे जाणे सोयीचे पडते.

आता साहित्याकडे वळते. लिनो, म्हणजे लिनोलियम, हे जवसाचे तेल घट्ट करून त्यात बुचाची भुकटी, लाकडाचा भुसा आणि राळ मिसळून तागाच्या कापडावर थापलेले जमिनीचे आच्छादन. १८६० च्या दशकात ते इंग्लंडमध्ये तयार झाले आणि पुढे चित्रकारांनी आपलेसे केले. ते घेताना सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे त्याचे वय. जवसाचे तेल हवेने वाळतच राहते, त्यामुळे जुना लिनो कडक आणि ठिसूळ होतो आणि कोरताना रेघेच्या कडा खपल्यांसारख्या उडतात. ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका दुकानाने मला या वेळी असाच जुना माल पाठवला. कोपरा जरा वाकवताच तडा गेला, आणि बदलून मागितल्यावर उत्तरही आले नाही. म्हणून शक्य असेल तिथे लिनो प्रत्यक्ष हाताळूनच घ्यावा. कोपरा हलकेच वाकवून पाहावा, मागचे तागाचे कापड घट्ट चिकटलेले आहे ना ते पाहावे, आणि नखाने कडेला दाबून बघावे. ताज्या लिनोवर नखाची बारीक खूण उमटते.

बाजारात हल्ली लिनोऐवजी मऊ रबरासारखे पत्रेही मिळतात आणि शाळकरी मुलांसाठी ते चांगले आहेत. हात थकत नाही, कोरणी घसरत नाही, आणि ठसा लवकर तयार होतो. तरीही बारीक कामासाठी मी त्यांची शिफारस करणार नाही. रबर कोरणीखाली थोडे दबते आणि मग परत वर येते, त्यामुळे रेघ जिथे संपवायची तिथे संपत नाही, आणि दोन रेघांमधली बारीक काळी कडा छापताना हलते. गोपद्मांसारख्या लहान चिन्हांत हा दोष लगेच डोळ्यांत भरतो. चांगला लिनो कोरणीला योग्य तेवढाच विरोध करतो, आणि आपल्या हवेत त्याचा एक फायदा असा की चैत्राच्या उन्हात त्याला थोडा वेळ ठेवले की तो लोण्यासारखा मऊ होतो. युरोपातील छापचित्रकारांना त्यासाठी इस्त्री किंवा गरम पाण्याची पिशवी लागते. आपल्याकडे गच्ची पुरते.

कोरण्यांच्या बाबतीत या महिन्यात मला एक गोष्ट नव्याने उमगली. सर्वसाधारणपणे बारीक रेघेसाठी टोकदार, म्हणजे व्ही आकाराची कोरणी वापरतात. तिने काढलेली रेघ सुरुवातीला केसासारखी बारीक असते, कोरणी खोल गेली की रुंद होते आणि शेवटी पुन्हा बारीक होऊन विरते. कुंचल्याच्या रेघेसाठी हे उत्तम आहे. रांगोळीची रेघ मात्र अशी नसते. चिमटीतून पूड पडायला लागते तेव्हा आरंभाला तिचा छोटा ढीग होतो, मधे रेघेची जाडी जवळपास सारखी राहते, वळणावर ती किंचित सुजते आणि शेवट बोथट असतो. शिवाय तिच्या कडा कधीच धारदार नसतात; दोन्ही बाजूंना सुटे कण सांडलेले असतात. हा गुण व्ही आकाराच्या कोरणीने येत नाही, तो अगदी लहान गोल तोंडाच्या कोरणीने येतो. आरंभाला कोरणी उभी रोवायची, मग आडवी करून सारख्या दाबाने पुढे न्यायची, आणि शेवटी वर न उचलता तिथेच थांबवून बाजूने तुकडा तोडायचा. कडांचे सुटे कण मी व्ही आकाराच्या कोरणीचे नुसते टोक टेकवून केले. ज्यांना एकच कोरणी विकत घ्यायची असेल त्यांनी मोठा संच घेण्यापेक्षा चांगल्या पोलादाची एक लहान गोल कोरणी घ्यावी आणि तिला धार लावायला चामड्याची पट्टी घ्यावी. स्वस्त संचातली पाती पहिल्याच ठशात बोथट होतात, आणि बोथट कोरणीला जोर लावावा लागतो, तो जोर नेमका डाव्या हातावर घसरतो. कोणतीही कोरणी वापरताना लिनो धरणारा हात पात्याच्या मागेच असला पाहिजे, हे नवशिक्यांनी विसरू नये.

ठसा छापल्यावर चित्र उलटे होते, आणि चैत्रांगणाच्या बाबतीत ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही. स्वस्तिकाची दिशा, सूर्यचंद्रांची बाजू, शंखाचे वळण, पावले आत येणारी की बाहेर जाणारी, या सर्वांना अर्थ आहे, आणि घरातील वडीलधाऱ्यांची नजर आधी तिथेच जाते. म्हणून मूळ रेखाटन पातळ ट्रेसिंग कागदावर गडद पेन्सिलीने उतरवून, तो कागद पालथा घालून, मागून घासून लिनोवर घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे. असे केल्याने लिनोवर चित्र उलटे दिसते आणि कागदावर सुलटे उमटते. कोरताना मी समोर आरसा ठेवला होता, त्याचाही चांगला उपयोग झाला.

शाईविषयी माझे मत ठाम आहे. पाण्यात विरघळणाऱ्या शाया धुवायला सोप्या असतात, परंतु बडोद्याच्या चैत्र-वैशाखात त्या काचेवर पसरता पसरताच वाळू लागतात, आणि मग छापात पांढऱ्या ठिपक्यांची जाळी उमटते. तेलातील काळी शाई घ्यावी. ती काचेवर दीर्घकाळ ओली राहते, काळा रंग खोल आणि मखमली येतो, आणि साफसफाईसाठी रॉकेलची गरज नसते. आधी खाद्यतेलाच्या फडक्याने पुसावे आणि मग भांड्याच्या साबणाने धुवावे, एवढे पुरते. शाई किती घ्यायची हे डोळ्यांपेक्षा कानांनी ठरवावे. काचेवर रोलर फिरवताना पातळ, एकसारखी चरचर ऐकू आली म्हणजे थर बरोबर झाला. चिकट, ओढल्यासारखा आवाज आला तर शाई जास्त आहे, आणि ती बारीक रेघांत उतरून त्या बुजवणार. तेलातील शाईची एकच अडचण अशी की प्रती वाळायला पुष्कळ दिवस लागतात, त्यामुळे घरात दोरीवर चिमट्यांनी टांगलेल्या कागदांची सवय सगळ्यांनाच करून घ्यावी लागते.

कागद दोन प्रकारचे वापरले. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद बडोद्यातील मराठी चित्रकारांच्या घरी पूर्वीपासून येतो. १९४० पासून ही संस्था सुती चिंध्यांपासून कागद करीत आहे, आणि त्या जाड, किंचित खरबरीत पोताच्या कागदाची सुटी कड मला अतिशय आवडते. छापयंत्रावर तो फार सुंदर छाप देतो. घरी हाताने घासून छापायचे असेल तर मात्र तो कोरडा वापरू नये. ओल्या फडक्यांत रात्रभर गुंडाळून दमट करावा, म्हणजे तंतू नरम होतात आणि शाई पकडतात. दुसरा कागद नेपाळी लोकता. हिमालयात वाढणाऱ्या लोकता झुडपाच्या सालीपासून तो तयार होतो, पातळ असूनही चिवट असतो, आणि चमच्याच्या पाठीने घासताना फाटत नाही. छापत असतानाच कागदाच्या मागून शाई उमटू लागते, त्यामुळे कुठे दाब कमी पडला आहे ते आधीच दिसते. या विषयासाठी मी लोकता पसंत केला, कारण त्याच्या तंतूंमुळे काळा भाग एकसंध न राहता सारवलेल्या जमिनीसारखा थोडा जिवंत होतो. घासण्यासाठी मी घरातला जुना पितळी चमचा वापरला. विकतच्या साधनाची उणीव भासली नाही.

तांबेकर वाड्याविषयी थोडक्यात लिहिते, कारण तिथे जाऊन पाहणे हेच महत्त्वाचे आहे. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा रावपुऱ्यातील लाकडी वाडा आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी वळणाच्या भित्तिचित्रांनी त्याच्या आतील खोल्या भरलेल्या आहेत. कृष्णचरित्रातले प्रसंग, महाभारत, आणि त्यांच्याच शेजारी त्या काळचे रोजचे जीवन असा हा ऐवज आहे. चित्रे झिजत चालली आहेत, आणि म्हणूनच ती पाहण्याचे पुढच्या वर्षावर ढकलू नये. मला विशेष आवडली ती कोपऱ्यांतली आणि खांबांलगतची लहान कामे. मोठ्या प्रसंगांपेक्षा तिथे चित्रकाराचा हात मोकळा आहे, आणि चैत्रांगणाच्या तोरणाचे वळण मी तिथल्याच नक्षीवरून घेतले.

सेंट्रल लायब्ररीचा उल्लेखही करायला हवा. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बोलावून घेतलेल्या विल्यम बोर्डन यांच्या हातून १९१० मध्ये या ग्रंथालयाचा पाया घातला गेला. पुस्तकांच्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे, जेणेकरून वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा. व्रतवैकल्यांवरची जुनी मराठी पुस्तके मी तिथे चाळली, आणि चिन्हांच्या यादीतील बऱ्याच शंका फिटल्या.

महिन्यातील सर्वांत आवडती खरेदी म्हणजे गौर बसवण्यासाठी घेतलेला संखेड्याचा लहान पाट. संखेडा बडोद्यापासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे आणि तिथल्या खरादावर (लेथवर) उतरवलेल्या, लाखेने रंगवलेल्या सागवानी कामाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. या कामातली सोनेरी नक्षी सोन्याची नसते, हे अनेकांना ठाऊक नसते. कारागीर आधी लाकडाला रंगाचा हात देतो, त्यावर कथिलाच्या भुकटीच्या लेपाने कुंचल्याने मुक्त हस्ते नक्षी काढतो, आणि ती वाळल्यावर अकीकाच्या दगडाने घासतो. तेव्हा ती चांदीसारखी चमकू लागते. मग वरून पारदर्शक लाखेचा थर चढतो, आणि लाखेच्या पिवळसर झाकेमुळे चांदीचे सोने झालेले दिसते. शेवटची झळाळी केवड्याच्या पानाने घासून येते. माझ्या पाटाची भूमी तपकिरी आहे, आणि तिच्यावरील वेल नीट पाहिल्यास प्रत्येक पान एकाच फटकाऱ्यात काढलेले कळते. देठाशी लेप जाड आहे, टोकाशी पातळ. पाट विकत घेताना कडेवरून नख फिरवून पाहावे. चांगल्या कामात लाख कुठेही उचलली जात नाही आणि जोडाच्या जागी थर सारखा असतो. नुसता तैलरंग आणि वॉर्निश मारलेल्या नकला आता सर्रास मिळतात; त्यांची नक्षी अगदी वरच तरंगताना दिसते, तर अस्सल कामात ती थराच्या आत असते. किंमत नकलेपेक्षा जास्त पडते, परंतु रोजच्या वापरात अस्सल लाखकाम पुष्कळ वर्षे टिकते, आणि आमच्या घरी आजीच्या वेळचा संखेड्याचा झोपाळा अजून वापरात आहे.

छापचित्रांना चौकट बसवण्याचे काम राहिले होते. आधी ज्या दुकानात दिले तिथे काच थेट कागदाला टेकवून चौकट बंद केली गेली होती, आणि तेलातील शाई काचेला चिकटू लागली. ते काम मी दुसरीकडून पुन्हा करून घेतले. या अनुभवावरून छापचित्र देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी तीन गोष्टी आधीच स्पष्ट सांगाव्यात. काच आणि कागद यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट हवी, तो पुठ्ठा आम्लरहित असावा, आणि कागद मागे चिकटपट्टीने न चिकटवता वरच्या कडेला कागदी बिजागरांनी टांगावा. लोकताची सुटी कड पुठ्ठ्याखाली झाकू नये, ती दिसली पाहिजे. त्यासाठी पुठ्ठ्याचे तोंड कागदापेक्षा बोटभर मोठे कापायला सांगावे. प्रती पूर्ण वाळल्याशिवाय चौकट करायला देऊच नये. बोटाच्या टोकाने काळ्या भागाला हलकेच स्पर्श करून पाहावे. किंचितही चिकटपणा लागला तर आणखी आठवडाभर दोरीवरच राहू द्यावे. आत्याला द्यायची प्रत मी अक्षय्य तृतीयेपर्यंत तशीच टांगून ठेवणार आहे.